थ्री फेज घरात न्यूट्रल सुटतो तेव्हा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तासगावजवळ तुमचं नवं दुमजली घर आहे, मीटर थ्री फेज आहे. परवा संध्याकाळी वाऱ्या-पावसात खालच्या खोल्यांतले दिवे मिणमिणायला लागले आणि त्याच वेळी माडीवरचा टीव्ही, दोन एलईडी बल्ब आणि एक चार्जर जळाला. एकही एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही. वायरमननं खांबावर चढून एक वायर घट्ट केली आणि सगळं पूर्ववत झालं. शेजारी म्हणतात, "घरात चारशे चाळीस घेतलं की असंच होणार." तुम्हाला विचारायचंय की नेमकं काय झालं, थ्री फेज काढून सिंगल फेज करावं का, आणि न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही शेवटी जमिनीतच जातात, तर दोन वेगळ्या वायरी कशाला?

तुमचा न्यूट्रल सुटला होता. ज्या घराचा न्यूट्रल पक्का आहे, त्या घराला थ्री फेजचा काही त्रास नाही. हे नीट समजावं म्हणून थोडं मागं, डीपीपर्यंत जाऊ.

आपण ज्याला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट घेतो आणि खालच्या बाजूला ४३३ व्होल्ट देतो. खालच्या बाजूला तीन कॉइल असतात. तिन्हींचं एकेक टोक एकत्र जोडलेलं असतं, तो न्यूट्रल. आणि तो जोड डीपीपाशीच जमिनीत अर्थ केलेला असतो. उरलेली तीन मोकळी टोकं म्हणजे तीन फेज. कोणताही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात मोजलं तर डीपीपाशी २५० व्होल्ट मिळतात. तारेत थोडे पडून आपल्या घरी २३० च्या आसपास येतात. ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे २१६ ते २४४. दोन फेजमध्ये मोजलं तर मात्र ४०० च्या आसपास. लोक सवयीनं ४४० म्हणतात, मोटरच्या पाटीवर ४१५ लिहिलेलं असतं; वस्तू एकच.

आता २३० आणि २३० मिळून ४६० व्हायला हवेत, ४०० कसे? कारण तिन्ही फेज एकाच क्षणी माथ्यावर नसतात. आपली वीज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, म्हणजे एका फेरीला २० मिलिसेकंद लागतात. दुसरा फेज पहिल्याच्या मागून ६.६७ मिलिसेकंदांनी माथ्यावर येतो, तिसरा आणखी तेवढ्यानं. त्यामुळं दोन फेजमधला फरक दुप्पट न होता १.७३२ पट होतो. २३० ला १.७३२ नं गुणा, ३९८ येतील. २४० ला गुणा, ४१५. डीपीच्या २५० ला गुणलंत तर ४३३, तेच पाटीवर छापलेलं असतं.

या मागं-पुढं असण्याचा मोठा फायदा आहे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर तिघांचा परतीचा करंट एकमेकांना खोडतो आणि न्यूट्रलमधून जवळपास काहीच जात नाही. म्हणून द्राक्षबागेतली तीन फेजची मोटर न्यूट्रलशिवाय चालते. घरात मात्र खाली गीझर चालू, माडीवर फक्त दोन दिवे, असा कारभार असतो. हा जो फरक राहतो, तो न्यूट्रल वाहून नेतो.

एक चित्र डोळ्यांपुढं आणा. एका लोखंडी कडीला तीन दोर बांधलेत आणि तीन गडी तीन दिशांना ओढतायत. कडी मधल्या खुंटाला अडकवलेली आहे, त्यामुळं कुणी जोरात ओढलं, कुणी हळू, तरी ती जागेवरच राहते. खुंटा निघाला की जो जोरात ओढतोय त्याच्याकडं कडी सरकते. त्याचा दोर आखूड होतो आणि हळू ओढणाऱ्याचा लांबतो. दोराची लांबी म्हणजे त्या फेजवरचं व्होल्टेज.

आकड्यांत बघा. समजा खालच्या फेजवर २३०० वॅटचा भार आहे, तो म्हणजे २३ ओहम (करंटला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात). माडीवरच्या फेजवर २३० वॅट, म्हणजे २३० ओहम. तिसऱ्या फेजवर त्या वेळी काहीच नाही. न्यूट्रल तुटला की परतीची वाट बंद होते आणि हे दोन्ही भार दोन फेजच्या मधोमध, ४०० व्होल्टवर, एकामागं एक लागतात. एकूण २५३ ओहम, करंट १.५८ अँपिअर. खालच्या भाराला मिळतात ३६ व्होल्ट, माडीवरच्याला ३६४. टीव्ही आणि एलईडीचं गणित साध्या हीटरपेक्षा थोडं वेगळं फिरतं, पण दिशा हीच. जिथं भार जास्त, तिथं दिवे मंद. जिथं भार कमी, तिथं वस्तू जळतात. आणि एक वस्तू जळून तुटली की त्या फेजवरचा भार आणखी हलका होतो, मग राहिलेल्या वस्तूंवर व्होल्टेज आणखी चढतं. म्हणून असं नुकसान एकावर थांबत नाही, लागोपाठ होतं.

एमसीबी का पडला नाही, याचंही उत्तर यातच आहे. एमसीबी करंट बघतो. इथं करंट १० अँपिअरवरून दीडवर उतरला होता. त्याच्या दृष्टीनं सगळं ठीकच चाललं होतं. आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) असता तरी पडला नसता, कारण जितका करंट गेला तितकाच दुसऱ्या फेजनं परत आला. गळती कुठंच नव्हती. न्यूट्रल तुटण्यावर या दोन्हींचा उपयोग नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बरेच जण महागडा बोर्ड बसवून निश्चिंत राहतात.

न्यूट्रल सुटतो कुठं? बहुतेक वेळा जोडात. खांबावरून येणारी सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची असते आणि मीटरपुढची वायर तांब्याची. हे दोन धातू एकमेकांवर नुसते पिळून ठेवले की पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते, जोड तापतो, सैल होतो, आणखी तापतो. फेजचा जोड सैल झाला तर त्या फेजचे दिवे लुकलुकतात आणि लगेच लक्षात येतं. न्यूट्रलचा जोड आतल्या आत खराब होत राहतो आणि एका वाऱ्याच्या झोतात सुटतो. त्यावर उपाय साधा आहे: दोन धातूंना चालणारा लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), तो दाबून पक्का करणारं चांगलं क्रिंपिंग आणि वर्षातून एकदा पावसाळ्याआधी मेन बंद करून मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू आवळून घेणं. मीटरच्या अलीकडचं, खांबावरचं काम महावितरणचं आहे. तिथं स्वतः हात घालू नका, १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीत 'न्यूट्रल सैल आहे' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'लाईट कमी-जास्त होते' म्हटलं तर ती तक्रार मागं पडते.

सुटण्याआधी न्यूट्रल खुणा देतो. गीझर लावला की दुसऱ्या खोलीतला दिवा उजळतो, ही सगळ्यात खात्रीची खूण. नुसता मंद होत असेल तर वायर बारीक किंवा लाईन लांब असेल, पण दुसरीकडं उजळत असेल तर न्यूट्रलच. दुसरी खूण, मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. दोन-तीन व्होल्ट चालतात. गीझर लावल्यावर तो आकडा दहाच्या पुढं चढत असेल तर वायरमनला त्याच दिवशी बोलवा. तिसरी, सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. न्यूट्रल तुटला की एखाद्या चालू वस्तूतून फेज त्याच न्यूट्रलवर उतरतो, म्हणून 'न्यूट्रलच आहे, त्याला काय होतंय' म्हणून हात लावणारे गडी शॉक खातात. टेस्टरवर फार भिस्त ठेवू नका. तो शेजारच्या वायरीच्या प्रभावानंही मंद पेटतो. टेस्ट लॅम्प वापरत असाल तर दोन बल्ब सिरीजमध्ये घ्या. एकच बल्ब चुकून दोन फेजवर लागला तर हातात फुटेल.

असं पुन्हा घडलंच, तर एक-एक वस्तूचा प्लग काढत बसू नका. आधी मेन पाडा.

कायमचा बंदोबस्त दोन गोष्टींचा. पहिली, न्यूट्रलच्या वायरीत एकट्यात फ्यूज किंवा एकेरी स्विच कधीही नको. सांगली-मिरजेच्या जुन्या वाड्यांत अजून किटकॅट फ्यूजच्या जोड्या दिसतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज आधी गेला की दिवे बंद होतात, माणसाला वाटतं लाईट नाही, पण वायरीत फेज जिवंत असतो. तिथं फ्यूजच्या जागी सरळ लिंक, म्हणजे न तुटणारी धातूची पट्टी हवी. न्यूट्रल तोडायचाच असेल तर चारही पोल (तीन फेज आणि न्यूट्रल) एकत्र तोडणारा स्विच. दुसरी, मेन बोर्डात कमी-जास्त व्होल्टेजवर नजर ठेवणारा रिले आणि त्याच्या इशाऱ्यावर वीज तोडणारा चार पोलचा काँटॅक्टर. एखाद्या फेजवर २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की सगळं घर सुटतं. तुमच्या टीव्हीच्या किमतीपुढं हा खर्च काहीच नाही, आणि तुमचा प्रसंग बघता हे मी आवर्जून बसवायला सांगेन.

आता अर्थिंग. तुमचा प्रश्न रास्त आहे: न्यूट्रल डीपीपाशी जमिनीत जातो, अर्थ घराशेजारी जमिनीत जातो, मग फरक काय? न्यूट्रलमधून रोज करंट वाहतो, ती कामाची वायर. अर्थच्या वायरीतून एरवी काहीही वाहायचं नाही. एखाद्या वस्तूच्या धातूच्या अंगावर फेज आला तरच तिचं काम सुरू होतं. दोन्ही एकत्र बांधले आणि मागं न्यूट्रल तुटला, तर घरातल्या प्रत्येक फ्रिजच्या, मिक्सरच्या, गीझरच्या अंगावर फेज येईल. म्हणून घरात न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे नाहीत, आणि फ्रिजच्या तीन पिनांतली अर्थची पिन न्यूट्रलला टोचण्याची जी सवय काही जणांना आहे ती माणूस मारणारी आहे.

इथं एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण यावर आपल्या भागात फार गैरसमज आहे. लोकांना वाटतं, अर्थिंग केलं म्हणजे शॉक बंद. गणित करून बघा. तुमचा अर्थिंगचा खड्डा ८ ओहमचा आहे, डीपीचा २ ओहमचा. गीझरच्या टाकीला फेज लागला. वाट १० ओहमची, म्हणून करंट २३ अँपिअर. गीझरला २० अँपिअरचा एमसीबी आहे. २३ अँपिअरवर तो तासभरही तसाच बसू शकतो. झटकन पडायला त्याला १०० अँपिअरच्या पुढं लागतात. तोवर टाकीच्या अंगावर, म्हणजे नळाच्या पाण्याच्या वाटेवर, २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट उभे. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही माणूस जाऊ शकतो.

इथं आरसीसीबी लागतो. तो जाणारा आणि येणारा करंट तोलून बघतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणात सोडतो. अर्थिंग कमजोर असलं तरी तो काम करतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत, पलूस-वाळव्याकडं, ओल धरून राहते, त्यामुळं साधा अडीच मीटरचा पाइपही चांगला अर्थ देतो. जत-आटपाडीच्या माळावर मुरूम आणि खडक. तिथं उन्हाळ्यात त्याच पाइपला ८०-१०० ओहम आले तर नवल नाही. १०० ओहमला ३० मिलिअँपिअरनं अंगावर फक्त ३ व्होल्ट येतात, तेवढ्यातच आरसीसीबी सुटतो. माळावरच्या घराला आरसीसीबी नसेल तर मी त्या वायरिंगला पुरं म्हणत नाही.

आणि तो १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून 'पेटला, अर्थिंग झकास' म्हणायची पद्धत सोडा. बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. अर्थिंग ३० ओहमचं असलं तरी १३ व्होल्ट पडतील आणि बल्ब तसाच लखलखीत दिसेल. अर्थिंग मोजायचं तर अर्थ टेस्टरनंच.

थ्री फेज घरात मी प्रत्येक फेजला वेगळा, दोन पोलचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावतो. बाथरूममध्ये गळती झाली तर तेवढाच फेज जातो, सगळं घर अंधारात जात नाही. त्यासाठी प्रत्येक फेजचा न्यूट्रल त्याच्याच आरसीसीबीमधून यायला हवा. पुष्कळ ठिकाणी 'आरसीसीबी उगाच पडतो' म्हणून तो काढून टाकतात. बघायला गेलं तर दिव्यांचा न्यूट्रल एका फेजच्या लिंकला आणि पंख्यांचा दुसऱ्याच्या. दोष वायरिंगचा असतो, शिक्षा आरसीसीबीला. त्याच्या टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबत जा.

शेतातलंही सांगायला हवं, कारण तुमची बाग आहे. पंपाच्या लाईनला पुष्कळदा तीनच तारा असतात, न्यूट्रल नसतो. मग शेडमध्ये दिवा हवा म्हणून एक फेज घेतात आणि दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. दिवा लागतो. पण सळईभोवतीची ओली जमीन जिवंत होते, आणि चार पायांच्या जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळं त्याला माणसापेक्षा मोठा झटका बसतो. गोठ्यात हे कधीही करू नका. तसंच एक फेज गेलेला असताना कंडेन्सर लावून मोटर ओढणंही नको. तीन फेजची ५ एचपी मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते. दोनच फेजवर राहिली तर त्या दोन तारांतला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो आणि वाइंडिंग जळतं. स्टार्टरमधला ओव्हरलोड मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरलाच लावा. 'सारखा पडतोय' म्हणून त्याचा काटा पुढं सरकवला की रिवाइंडिंगचं बिल ठरलेलं. सबमर्सिबल नवीन जोडल्यावर पाणी कमी आलं तर आधी कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करून बघा. मोटर उलटी फिरत असेल.

घरातल्या भाराची वाटणी करताना पॉइंट मोजू नका, एकाच वेळी काय चालतं ते बघा. सकाळी सहा ते आठ गीझर, शेगडी आणि पाण्याची मोटर एकत्र चालतात, तर ते तिघं तीन फेजवर हवेत. एका स्विचबोर्डात दोन फेज आणू नका. दुरुस्तीला बसलेल्याच्या दोन बोटांत ४०० व्होल्ट येऊ शकतात. फेज गेला की दुसऱ्यावर टाकायचा सिलेक्टर असेल तर एका फेजवर सगळं घर उचलू नका, त्या वायरी तेवढ्यासाठी नसतात. दिव्यांना दीड एमएम, सॉकेटला अडीच, गीझर आणि एसीला चार. न्यूट्रलची जाडी फेजइतकीच. आजकाल एलईडी आणि इन्व्हर्टरच्या वस्तूंमुळं तिन्ही फेज सारखे असूनही न्यूट्रलमध्ये करंट राहतो, तिथं बारीक वायर घालून पैसे वाचवू नका. एमसीबी वायरीच्या मापानं निवडतात. अडीच एमएमला ३२ चा एमसीबी लावला तर वायर आधी वितळेल.

तुम्ही गोठ्यापर्यंत १०० मीटर वायर ओढायची म्हणालात. जाणं-येणं धरून ती २०० मीटर होते. एक एमएमची घेतली तर साडेतीन ओहमच्या पुढं, १० अँपिअरच्या कडबाकुट्टीला ३६ व्होल्ट वाटेतच जातील आणि मोटर सुरू होताना नुसती घुरघुरेल. अडीचची घेतली तर १५ व्होल्ट पडतात. माझ्या मते चारची घ्या, आणि गोठ्यात वेगळा आरसीसीबी आणि वेगळं अर्थिंग करा.

तुमचं घर नदीपासून लांब आहे, पण हे वाचणाऱ्यांत २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेले सांगलीकर असतील. पाण्यात बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट वाळवून परत वापरू नका. आतला गाळ स्प्रिंग आणि काँटॅक्ट धरतो. भिंतीतली वायर ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासा, एक मेगाओहमच्या खाली आली तर बदला. आणि नवा बोर्ड पुराच्या खुणेच्या वर.

म्हणून थ्री फेज काढू नका. सिंगल फेजवर घराच्या केबलचा न्यूट्रल तुटला तर वस्तू जळणार नाहीत हे खरं, पण मागं लाईनचा न्यूट्रल तुटला तर तिथंही जळू शकतात; शिवाय तुमचा सगळा भार एका तारेवर येईल आणि संध्याकाळी व्होल्टेज पडण्याचा रोजचा त्रास सुरू होईल. आधी मेनपासूनचा न्यूट्रल तपासून घ्या, मग रिले आणि काँटॅक्टर, मग तीन आरसीसीबी. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट मागा. त्यात अर्थिंगचा ओहममधला आकडा आणि इन्सुलेशनचा मेगाओहममधला आकडा लिहिलेला हवा. जळालेला टीव्ही दुरुस्तीला द्याल तेव्हा पॉवर सप्लायचा बोर्ड वेगळा बदलून मिळतो का ते विचारा, बऱ्याचदा तेवढाच गेलेला असतो.